अप्पांची चाल

“हे कोण परकं माणूस आलंय घरात? भाईर काढा ह्याला!”

चार दिवस पोटात अन्नाचा कण नसलेल्या एकोणनव्वद वर्षांच्या बाईचा आवाज एवढा मोठा निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सिद्राम हिशेबाचा कागद टाकून उठला तोवर आतल्या खोलीचं दार उघडलं आणि त्याचा थोरला भाऊ मल्लिकार्जुन मागं मागं सरकत बाहेर आला. कमरेला धोतर, अंगात नेहरू शर्ट, खांद्यावर टॉवेल. डोक्यावर पांढरी टोपी.

टोपी बघितली आणि सिद्रामची कानशिलं तापली. वडलांची, अप्पांची टोपी होती ती. अव्वाच्या, म्हणजे आईच्या ट्रंकेतली.

“कुणी दिली तुला ही?”

“मी दिली,” शालन पुढं होत म्हणाली. तिघा भावंडांत ती धाकटी. अक्कलकोटहून सकाळच्या एसटीनं आली होती आणि आल्यापासून थोरल्या भावाशी कुजबुजत होती. “मीच सांगितलं अण्णाला. म्हटलं, बघ जमतंय का. अव्वा अप्पांचीच वाट बघतीय ना? मग अप्पा येऊ देत की.”

“अप्पा जाऊन एकवीस वर्षं झाली शालन!”

“ते तुला मला ठाऊक हाय. तिला कुटं ठाऊक हाय?”

ते मात्र खरं होतं. दोन महिन्यांपूर्वी अव्वा, म्हणजे निंगव्वा, न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, हाड जुळलं, पण भूल उतरली तसं मन मागं मागं जात राहिलं. आधी नातवंडांची नावं गेली, मग घर कुठलं ते गेलं. गेले आठ दिवस त्यांच्या लेखी सिद्धलिंगप्पा, म्हणजे अप्पा, कापडाच्या मागावर गेलेले होते आणि जेवायला यायचे होते. नवऱ्याच्या आधी ताटाला हात लावायचा नाही, हा नेम त्यांनी सोळाव्या वर्षापासून पाळला होता. सगळं विसरलं, नेम तेवढा विसरला नाही. “ते आल्याबिगर कशी जेवू?” एवढं म्हणायचं आणि तोंड भिंतीकडं करायचं. पहिले चार दिवस घोटभर दूध तरी जायचं, पुढचे चार दिवस तेही नाही. सलाईनची सुई दोनदा उपटून झाली होती. उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालायची, असं डॉक्टर सांगून गेले होते. आणि ती नळी ह्या वयात किती दिवस ठेवायची, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

“जमलं का मग?” सिद्रामनं मल्लिकार्जुनकडं बघत विचारलं. “अमेरिकेचा मोठा नट. आपल्या आईनं पण वळखलं न्हाय, अप्पा म्हणून पण न्हाय. दोन्हीकडनं परका.”

मल्लिकार्जुननं टोपी काढून हातात घेतली. सत्तर वर्षांचा तो उंच माणूस शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा उभा होता. “तिनं बरोबर वळखलं,” तो शांतपणे म्हणाला. “मी चुकीचे अप्पा केले.”

हे असलं बोलणं सिद्रामला कळायचं नाही. अठ्ठ्याहत्तर साली अप्पांनी ह्याला कापडाचं इंजिनिअरिंग शिकायला परदेशी पाठवलं. गिरणीतला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम माणूस, घरचे चार माग विकून पाठवलं. आणि दोन वर्षांनी ह्याचं पत्र आलं, की मी कॉलेज सोडलंय, नाटकात काम करतोय, एका नाटकात दोन तास नुसता ताट घेऊन उभा राहणारा नोकर झालोय आणि अप्पा, मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नाही. अप्पांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि त्या दिवसापासून थोरल्याचं नाव घेतलं नाही. दोन हजार तीन साली अप्पा गेले तेव्हा सिद्रामनं फोन केला. मल्लिकार्जुनचा त्या संध्याकाळी प्रयोग होता. त्यानं तो केला आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसला. इथं पोचला तोवर माती झालेली होती. सिद्रामनं ती गोष्ट गिळली, पण पचवली कधी नाही.

काल संध्याकाळीच ऋतुजानं, सिद्रामच्या लेकीनं, लॅपटॉप उघडून सगळ्यांना बसवलं होतं. ती कॉलेजात शिकवायची आणि दोड्डप्पांच्या, म्हणजे आपल्या थोरल्या काकांच्या कामाचे तुकडे तिनं वर्षानुवर्षं जमवून ठेवले होते. सिद्राम हाताची घडी घालून मागं बसला होता. पहिली काही चित्रं बघून तो मनात हसला. टॅक्सीवाला, पुन्हा टॅक्सीवाला, गालिचे विकणारा अरब, तीन वाक्यं आणि खलास. ह्यासाठी घर सोडलं? मग एक मेक्सिकन पाद्री आला. मग समुद्रावरचा एक ग्रीक म्हातारा, जाळं विणत बसलेला. मग टीव्हीवरच्या मालिकेतला आंधळा न्यायाधीश, सहा वर्षं चाललेला. मग लहान मुलांच्या चित्रपटातलं एक म्हातारं कासव, त्यात नुसता आवाज. रंगमंचावरचा राजा. रंगमंचावरचा खाटीक. एका नाटकात तर विधवा बाई.

“ह्यात कुटाय तो?” सिद्रामनं मधेच विचारलं.

“बाबा, समोरच की. मधी बसलाय तो.”

“तो? तो तर बुटका दिसतोय.”

“तोच दोड्डप्पा.”

सिद्राम पुढं सरकून बघत राहिला. सहा फुटांचा आपला भाऊ बुटका कसा झाला? पाठ वाकवली नव्हती, गुडघे मोडले नव्हते. नुसता कमी जागा घेऊन बसला होता. पुढच्या चार चित्रांत त्यानं भावाला शोधलं आणि दोन ठिकाणी तो सापडलाच नाही. उठून पाणी प्यायला गेला तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी हललं होतं आणि ते त्याला अजिबात आवडलं नव्हतं. वर ऋतुजानं सांगितलं, की चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहात दोड्डप्पांना मुख्य भूमिका मिळालीय. सोमवारपासून तालीम, म्हणून परवाचं विमान.

तेच आता सिद्रामच्या तोंडी आलं. “आणि समज जमलं. समज अव्वा फसली. तू परवा जाणार. परवापासनं आमी अप्पा कुटनं आणायचे? आणि म्हातारीला असं फसवायचं? आपल्या सख्ख्या आईला?”

शालन मल्लिकार्जुनकडं बघत राहिली आणि तो हातातल्या टोपीकडं.

तेवढ्यात राजश्री स्वयंपाकघरातून बाहेर आली. सिद्रामची बायको. तीस-पस्तीस वर्षांत ह्या तिघा भावंडांच्या भांडणात ती कधी पडली नव्हती. पदराला हात पुसत ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

“दोन महिने त्यांचं हागणं-मुतणं मी करतीय,” ती म्हणाली. “आठ दिवस झालं, रोज वीस वेळा विचारतात, ‘ते आले का गं?’ रोज वीस वेळा मी सांगते, ‘येतीलच आता.’ पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं मी. तर त्या दिवशीच विधवा झाल्यासारखं रडल्या, आणि तासाभरानं विसरून परत विचारलं. परत सांगू? रोज नवा नवरा मारू त्यांचा? आठ दिवस मी नाटकच करायलीय. मला येत न्हाय, म्हणून त्या जेवत न्हाईत. ह्यांना येतंय.” मग ती थोरल्या दिराकडं वळली. “अण्णा, तुमी करा. कसं ते तुमचं तुमी बघा. पण उद्या दुपारी त्यांच्या पोटात अन्न गेलं पायजे.”

सिद्राम चपला घालून मागच्या अंगणात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथंच, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. एमआयडीसीतल्या कारखान्यावर जायचं त्यानं टाळलं होतं. मल्लिकार्जुन आला आणि समोर पायरीवर, त्याच्यापेक्षा खाली बसला.

“सिद्रू, काल मी माझे अप्पा केले,” तो म्हणाला. “ताठ चालणारे. मी बघितलेले. अव्वा कुठल्या अप्पांची वाट बघतीय ते मला म्हाईतच न्हाय. मी अठ्ठ्याहत्तर सालापर्यंतचा माणूस वळखतो. पुढची पंचवीस वर्षं तुझ्याकडं हायेत.”

त्याची मराठी ऐकून सिद्रामला नेहमी चमत्कारिक वाटायचं. सोलापूर बदललं, सिद्रामची लेकरं निम्मं इंग्रजी बोलायला लागली, आणि हा न्यूयॉर्कात राहून त्याच जुन्या बोळातली भाषा जशीच्या तशी सांभाळून बसलेला.

“काय पायजे तुला?” सिद्राम वरकरणी तुटकपणे म्हणाला.

“पाय.”

अठ्ठ्याऐंशी साली सुतानं भरलेला बीम, म्हणजे भलामोठा रूळ, मागावर चढवताना निसटला आणि अप्पांच्या डाव्या पावलावर पडला. बोटं वाचली, पण पाऊल कायमचं वाकडं झालं. सिद्रामनं ते सांगितलं. नुसतं सांगून होईना म्हणून उठून, अंगणात दहा पावलं लंगडत चालून दाखवलं.

मल्लिकार्जुन बघत राहिला. मग त्यानं विचारलं, “ते दुखतंय म्हणून लंगडायचे, का दुखत न्हाय असं दाखवायला?”

सिद्राम थबकला. पंधरा वर्षं तो त्या चालीच्या मागं मागं चालला होता, पण हा प्रश्न त्याच्या मनात कधी आला नव्हता. आता आला तसं लख्ख दिसलं: कामगारांसमोर अप्पा नेहमी भिंतीच्या बाजूनं चालायचे. थांबले की मागाचं काही तपासतोय असं दाखवायचे.

“दाखवायला,” तो म्हणाला. “लपवायचे ते. लंगडा जॉबर म्हणू नये कुणी.”

“मग तुझं चुकलं,” मल्लिकार्जुन म्हणाला आणि उठला. “लंगडायचं न्हाय. लंगडणं लपवायचं.”

पहिल्यांदा तो चालला तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा फार झालं. सिद्राम म्हणाला, “खांदा एवढा पडत नव्हता.” तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. हळूहळू सिद्राम खुर्ची सोडून उभाच राहिला. टॉवेल कुठल्या खांद्यावर? उजव्या. उंबऱ्यावर काय करायचे? दोनदा खाकरायचे. बसताना? आधी भिंतीला हात, मग उजवा गुडघा. घास केवढा? लहान, आणि भाकरी मोडायच्या आधी कपाळाची विभूती बोटानं चाचपायचे. मल्लिकार्जुन विचारत होता आणि सिद्रामला उत्तरं येत होती. एवढं सगळं आपल्याला ठाऊक आहे हे त्यालाच ठाऊक नव्हतं. आठव्या की नवव्या फेरीला मल्लिकार्जुन भिंतीच्या कडेकडेनं आला, थांबला, कडुनिंबाच्या बुंध्याकडं मागाकडं बघावं तसं निरखून बघितलं, आणि सिद्रामच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“माझं नाव निघालं तर?” मल्लिकार्जुननं विचारलं. “ते काय म्हणायचे?”

ह्या प्रश्नाची सिद्रामनं वर्षानुवर्षं वाट बघितली होती. त्यानं भावाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, “‘ते नाव ह्या घरात घ्यायचं न्हाय.’ शेवटपर्यंत हेच.”

वाटलं होतं, माणूस हलेल, मान खाली घालेल. मल्लिकार्जुननं उलट विचारलं, “कसं म्हणायचे? रागानं?”

“न्हाय. हळू. वर न बघता.”

“वर न बघता,” मल्लिकार्जुन पुटपुटला. मग त्यानं ते वाक्य स्वतःशीच, अगदी खालच्या पट्टीत, दोनदा म्हणून बघितलं. सिद्रामला पुढं उभं राहवेना. हा माणूस आपल्याच मानेवर सुरी ठेवून तिची धार नीट आहे ना ते बघत होता.

बारा वाजता राजश्रीनं दोन ताटं वाढली. मऊ भाकरी, दूध, पातळ आमटी. अव्वाला उशीला टेकवून बसवलं आणि ती बाहेर आली. दार अर्धं उघडं ठेवलं. बोळकांडीत शालन, ऋतुजा, राजश्री आणि सगळ्यांच्या मागं सिद्राम, असे उभे राहिले. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

मागच्या दारानं मल्लिकार्जुन आला. त्यानं चेहऱ्याला काही लावलं नव्हतं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे तेवढे. भिंतीच्या कडेनं तो सिद्रामच्या समोरून गेला आणि सिद्राम नकळत बाजूला सरला, पूर्वी अप्पांसाठी कारखान्यात सरायचा तसा. उंबऱ्यावर दोनदा खाकरल्याचा आवाज झाला.

आत पलंग करकरला.

“यावाग बंद्री?” अव्वा म्हणाल्या. कधी आलात, म्हणून विचारलं. त्या दोघांचं बोलणं कानडीत सुरू व्हायचं आणि मराठीवर यायचं.

“ईग बंदे,” आवाज आला. आत्ताच.

शालननं ऋतुजाचा हात घट्ट धरला. तो आवाज घोगरा होता, थकलेला होता, दिवसभर मागांच्या खडखडाटात ओरडून बसलेला होता. एकवीस वर्षं ह्या घरात तो ऐकू आला नव्हता.

“लई उशीर केलात.”

“सूत तुटत होतं.”

“पाय दुखतोय?”

“न्हाय.”

“खोटं बोलू नका. बसा. आधी बसा.”

भिंतीला हात, मग उजवा गुडघा. सिद्राम दाराच्या फटीतून बघत होता. तो माणूस पलंगाशेजारच्या पाटावर बसला, विभूती चाचपली, भाकरी मोडली. पहिला घास त्यानं खाल्ला, तांब्या उचलून घोटभर पाणी घेतलं. आणि निंगव्वांचा सुरकुतलेला हात आपणहून दुधाच्या वाटीकडं गेला. एक घास. दुसरा. राजश्रीनं तोंडात पदर कोंबला. चौथा घास झाला, पाचवा झाला. आमटी गळ्याखाली उतरताना ऐकू येत होती, इतकी शांतता होती.

मग अव्वांचा हात थांबला.

“थोरल्याचं काय पत्र?”

आता हवं ते म्हणता येत होतं. आलंय म्हण, बरा हाय म्हण, मी त्याला माफ केलं म्हण. बाहेर उभ्या असलेल्यांपैकी कुणी, अगदी सिद्रामनंसुद्धा, त्याला दोष दिला नसता. एका वाक्यात तो बापाकडून सगळं घेऊ शकत होता.

भाकरी मोडता मोडता, वर न बघता, हळू आवाज आला, “ते नाव ह्या घरात घ्यायचं न्हाय.”

“अगं आई,” शालन पुटपुटली.

अप्पांपुढं अव्वानं उलट शब्द काढलेला ह्या घरात कुणी ऐकला नव्हता. हे वाक्य आलं की ती मान खाली घालायची आणि भांडी उचलायला लागायची. आज तिनं मान खाली घातली नाही. कदाचित मन मोकळं सुटलं तसा धाकही सुटला असेल.

“घेणार,” ती म्हणाली. “मल्लिकार्जुन. मल्ल्या. माझं पोर हाय ते. चोरी केली त्यानं? कुणाला लुबाडलं? तुमी शिकायला पाठवलं, ते दुसरंच शिकलं. पण शिकलं की! एवढ्या लांब, एकट्यानं, कुणाचा आधार न्हाय, आणि शिकलं. आणि तुमी नाव घेऊ देत न्हाई मला. माझ्याच लेकराचं.”

आता काय होणार ते सिद्रामला ठाऊक होतं. अप्पा चिडले की ताट सारून उठायचे. ते सकाळी सांगायचं राहून गेलं होतं, आणि राहिलं तेच बरं झालं असं त्याला वाटलं. कारण ते उठले की हिचं जेवण संपलंच.

पाटावरचा माणूस उठला नाही. वाकडं पाऊल त्यानं आत ओढून घेतलं. जबडा एकदा हलला. बराच वेळ तो ताटाकडं बघत राहिला आणि त्या वेळात सिद्रामला त्याच्या पाठीत सगळं दिसलं: विकलेले चार माग, ते घडी घातलेलं पत्र, कामगारांसमोर लपवलेला पाय, आणि वीस वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेलं एक नाव. मग त्यानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडली, तिच्या वाटीत कुस्करली आणि वाटी तिच्यापुढं सरकवली.

“घे नाव,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. अजूनही वर न बघता. “पण जेवून घे.”

हे सिद्रामनं शिकवलं नव्हतं. हे कुणीच शिकवू शकलं नसतं, कारण हे कधी घडलंच नव्हतं. तरी त्याला आतून पक्कं कळलं, की अव्वानं एकदा, एकदाच असं विचारलं असतं, तर अप्पा हेच म्हणाले असते. असेच बसले असते. पंचवीस वर्षं बापाच्या शेजारी काढून आपल्याला जे दिसलं नाही, ते ह्यानं सकाळच्या दोन तासांत कुठून काढलं? काल लॅपटॉपवर दिसलेली ती सगळी माणसं त्याला आठवली, तो ग्रीक म्हातारा, तो आंधळा न्यायाधीश, ती विधवा. चव्वेचाळीस वर्षं हा परक्या माणसांच्या आत असाच शिरत राहिला असणार, दर वेळी असंच विचारत, की दुखतंय म्हणून, का दुखत नाही असं दाखवायला. आणि आपण टॅक्सीवाले मोजत बसलो.

निंगव्वांनी वाटी संपवली. वाटीला बोट फिरवून चाटलं. “आता पडा जरा,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच कलंडल्या. पाच मिनिटांत त्यांचा श्वास संथ लागला.

मल्लिकार्जुन बाहेर आला. चारपाच पावलं तो अजून तसाच आला, भिंतीच्या कडेनं. मग पाऊल सरळ झालं, पाठ सरळ झाली, आणि बोळकांडीत सत्तर वर्षांचा एक दमलेला माणूस उभा राहिला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. शालन रडत होती. राजश्रीनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्यानं तिला उठवलं, पण नजर सिद्रामवर होती.

“कसं झालं?”

सिद्रामचं तोंड उघडलं. बोलायचं पुष्कळ होतं, जन्मभराचं होतं.

“तांब्या,” शेवटी तो म्हणाला. “तांब्या उजव्या हातानं उचललास. अप्पा डाव्यानं उचलायचे.”

“डाव्यानं?”

“उजवा हात भाकरीचा. उष्टा.”

“बरं झालं सांगितलंस. उद्या सुधारतो.”

“दोड्डप्पा,” ऋतुजा हळूच म्हणाली, “उद्याचं विमान तुमचं...”

“सकाळीच कळवलं नाटकवाल्यांना, येत न्हाय म्हणून. दुसरा माणूस घेतील.” हे त्यानं मान न वळवता, पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं तसं सांगितलं. “सिद्रू, डावा हात कसा? काठाला धरायचे, का गळ्याला?”

सिद्राम स्वयंपाकघरात गेला. फडताळातला पितळी तांब्या त्यानं नळाखाली भरला, डोळ्यांवरून पाण्याचा हात फिरवला आणि बाहेर येऊन बोळकांडीतच खाली बसला. मल्लिकार्जुन समोर बसला. सिद्रामनं तांब्या डाव्या हातानं उचलून दाखवला. मल्लिकार्जुननं घेतला, उचलला, ठेवला. परत उचलला.

“असं न्हाय,” सिद्राम म्हणाला. “अंगठा आत. कर परत.”